हप्ता वसूल

२०२१ च्या नोव्हेंबरात मी मेडिक्लेम घेतला, तो जिमच्या पंचवीस टक्क्यांवर भाळून. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरणाऱ्या माणसानं हे कबूल करू नये, पण झालं ते असं.

विमा लागणार होताच. आधीच्या कंपनीत सगळ्या कुटुंबाचा गट विमा होता. नोकरी बदलली आणि नव्या ठिकाणी ती सोय नव्हती. त्यातून ते वर्ष कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कुणाच्या घरी हॉस्पिटलचं किती बिल झालं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तेव्हा विमा घ्यायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, कुठला घ्यायचा एवढाच होता.

एजंट सोसायटीतलेच. त्यांनी आमच्या डायनिंग टेबलावर तीन पत्रकं मांडली, साडीच्या दुकानात घडी उलगडतात तशी एकेक. पहिल्या दोहोंत मला काही फरक दिसला नाही. तिसरं उलगडताना ते म्हणाले, “साहेब, हिच्यात तुम्ही आजारी पडला नाहीत तरी फायदा आहे.”

या एका वाक्यानं काम झालं. आपल्याकडे विम्याचा हप्ता भरताना जीव हळहळतो तो रकमेपायी नाही, वर्ष निरोगी गेलं तर पैसे ‘बुडाले’ या कल्पनेपायी. माझे वडील एलआयसीची मनीबॅकच घ्यायचे, कारण त्यात मधूनमधून काहीतरी हातात पडायचं. मी त्यांचाच मुलगा. इथं तर जिमच्या फीवर पंचवीस टक्के सवलत होती, चाललेल्या पावलांचे गुण होते आणि त्या गुणांतून पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट होती. हप्ता वसूल करायची एवढी सोय मी कुठं पाहिली नव्हती.

फॉर्म भरताना एक छोटा प्रसंग झाला. मला रक्तदाबाची गोळी चालू होती. एजंट म्हणाले, “एकच गोळी घेता ना? मग कशाला लिहिताय, उगाच लोडिंग बसेल.” माझं पेन थबकलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “लिहा हो. पैसेही आपणच भरायचे आणि खोटंही आपणच लिहायचं, हे कुठलं शहाणपण?” मी लिहिलं. लोडिंग, म्हणजे आजारापायीची वाढ, धरून हप्ता झाला २१,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २४,७८० रुपये. आम्ही दोघं आणि मुलगी, मिळून पाच लाखांचं संरक्षण. पॉलिसी ईमेलवर आली, चाळीसेक पानांची पीडीएफ. पसंत न पडल्यास परत करायला तेव्हा पंधरा दिवस मिळत. आता तीस मिळतात. पंधरातल्या एकाही दिवशी मी ती उघडली नाही. अॅप मात्र त्याच रात्री उतरवून घेतलं.

जिम घरापासून दोन किलोमीटरवर. वर्षाची फी १८,०००. सवलत वजा जाता मी १३,५०० भरले, आणि परतताना ४,५०० रुपये मिळवल्याच्या आनंदात सगळ्यांसाठी अडीचशे रुपयांची भेळ नेली. दाराजवळच्या खांबावर एक क्यूआर कोड चिकटवलेला होता. आल्यावर तो स्कॅन करायचा, अर्ध्या तासानं पुन्हा करायचा, की तो दिवस ‘सक्रिय’ धरला जाई. न आल्यास दहा हजार पावलं चालायची. महिन्यात ठरावीक दिवस सक्रिय भरले की गुण जमा.

पहिले तीन महिने मी इमानदारीत गेलो. सकाळी सहाला ट्रेडमिलवर माझ्या शेजारी एक आजोबा असायचे, ते पूर्ण वेळ मोबाइलवर कीर्तन ऐकत चालायचे. माझं वजन ८४ वरून ७९ किलोवर आलं. गोळी बंद झाली नाही, पण डॉक्टरांनी पहिल्यांदाच फाईलवर काही न लिहिता मान डोलावली. त्या तीन महिन्यांचं श्रेय मी विम्याला आजही देतो. फुकट म्हणून सांगितलं असतं तर मी गेलो नसतो. अर्धे पैसे स्वतःचे अडकल्यावरच मराठी माणूस घाम गाळतो.

चौथ्या महिन्यापासून मात्र मी आरोग्याऐवजी गुण कमवू लागलो. उशीर झाला तर स्कॅन करून खालच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि अर्ध्या तासानं वर जाऊन पुन्हा स्कॅन करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ तर रात्री फेरी मारणाऱ्या वॉचमनच्या खिशात आपला फोन घालत. वॉचमनची तब्येत ठणठणीत आणि सूट यांना. मी हसलो खरा, पण मग माझा चहा तरी काय वेगळा होता?

२०२२ ला दोन वर्षांच्या खंडानंतर आषाढी वारी पुन्हा निघाली. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर हडपसर ते सासवड चालायचं मी आणि ऑफिसातल्या दोघांनी ठरवलं. मनात भक्ती होती, पण खोटं कशाला बोलू, दिवे घाटाची चढण म्हणजे एका दिवसात तीन दिवसांची पावलं, हाही विचार होता. रस्ताभर फोटो काढत सुटलो आणि उरुळी देवाची यायच्या आत फोन मान टाकून मोकळा. शेवटचा आकडा ८,१००. मी चालणं सोडून चार्जिंग शोधायला लागलो. चहाच्या स्टॉलवर विचारलं, एका टेम्पोवाल्याला विचारलं. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी बराच वेळ माझी ही धावपळ बघत होती. “काय हुडकताय माऊली?” मी म्हणालो, चार्जर. तिनं माझ्याकडे, मग पुढं घाटाकडे बघितलं आणि म्हणाली, “चढा की तसंच. घाट काय त्याच्यावर चालतोय व्हय?” चढलो. संध्याकाळी सासवडला फोन चालू झाला तेव्हा अॅपनं कळवलं की आज आपण निष्क्रिय होता.

दहा हजार या आकड्याचं मूळ मी नंतर एकदा रागारागानं शोधलं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ ला एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मान्पोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा दवाखान्यातून नाही, जाहिरातीतून आला. विम्याला व्यायामाची जोड द्यायची कल्पनाही अशीच बाहेरून आलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या डिस्कव्हरी या विमा समूहानं १९९७ ला ‘व्हायटॅलिटी’ सुरू केलं, पुढं ते ब्रिटनमध्येही गेलं. आपल्याकडे विमा नियामकानं २०२० ला याबाबतचे नियम केले. त्यात योगकेंद्र, व्यायामशाळा, क्लब यांच्या सभासदत्वावर सवलत द्यायला मुभा आहे, आणि नूतनीकरणाच्या हप्त्यात सूट द्यायलाही. कंपनीचा त्यात तोटा नसतो. सवलतीसाठी पॉलिसी घेणारा माणूस बहुधा आधीच थोडाफार चालणारा असतो, आणि असं गिऱ्हाईक कुठल्या विमा कंपनीला नको असेल?

सवलतीची खरी किंमत मला कळली ती २०२३ च्या पाडव्याला. जिमच्या दारात फळा लावला होता : गुढीपाडवा धमाका, वार्षिक सभासदत्व फक्त १२,०००. मी काउंटरवर विचारलं, मग माझे १३,५०० कसे? मॅनेजर पोरगा गुणी होता, खाली मान घालून म्हणाला, “सर, तुमचं विमावालं पॅकेज आहे ना, त्यात दोन ऑफर एकत्र नाही होत.” म्हणजे रस्त्यावरून सहज आत आलेल्या माणसाला माझ्यापेक्षा दीड हजारानं स्वस्त. तरीही पुढच्या वर्षी मी सवलतीतूनच नूतनीकरण केलं, कारण गुण त्यातूनच मिळत. ऑडिटमध्ये दुसऱ्या कुणाच्या वहीत हे सापडलं असतं तर मी लाल शेरा मारला असता.

मग ऑक्टोबर २०२४. बायकोच्या पोटात रात्री दोनला कळ आली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रिया लागणार होती. अशा आजारांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षं काही मिळत नाही, पण आमचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. मी निर्धास्त होतो. भरतीच्या वेळी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्यांच्या, टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “शेअरिंग रूम देऊ का? पाच हजारांच्या आत बसते.” आठ हजारांची सिंगल रिकामी होती. मी म्हणालो, “सिंगलच द्या. पॉलिसी आहे.” त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली, तीन दिवसांत सुटी. बिल १,४२,००० रुपये. कॅशलेसचं अंतिम उत्तर तीन तासांत द्यायचं असा नियम त्याच वर्षी आला होता. आम्हाला ते दोन तासांतच मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. उत्तरात मंजूर रक्कम होती ९९,७५०. उरलेले ४२,२५० भरा आणि घरी जा.

मला वाटलं टायपिंगची चूक. पाच हजारांची मर्यादा असेल तर रोजचे तीन हजार माझे, तीन दिवसांचे नऊ. बाकीचे कुठून आले? टीपीएच्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेनानं दाखवलं. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. मी आठ हजारांची खोली घेतली. पाच भागिले आठ, म्हणजे साडेबासष्ट टक्के. कंपनी खोलीचं भाडं त्या प्रमाणात देणार, आणि त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगही. खोलीभाडं सोडून हे सगळं मिळून ७८,००० होतं, त्यातून २९,२५० कापले. औषधं आणि तपासण्या, ज्या ४०,००० च्या होत्या, त्यांना हा कापाकापीचा नियम लागत नाही. त्यातून फक्त हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे चार हजार गेले.

अन्याय झाला म्हणून मी भांडायला सुरुवात केली, पण मध्येच थांबलो. हॉस्पिटलात खोलीच्या दर्जाप्रमाणे सर्जनची फीही वाढते, हे मला त्या बाईंनी शांतपणे समजावलं. शेअरिंगमध्ये तेच डॉक्टर, तेच टेबल, तीच भूल, पण दर वेगळा. कंपनी म्हणते की मी पाच हजारांच्या खोलीचे दर मान्य केलेत, त्यावरचं तुमचं. त्यांच्या बाजूनं हिशेब चोख होता. चाळीस पानांत कुठंतरी हे साध्या ओळीत लिहिलेलंही होतं. मी घरी जाऊन पाहिलं, अकराव्या पानावर.

बायको बरी होऊन घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी वही काढली. जिमची सवलत तीन वर्षांची, कागदावर १३,५००. गुणांतून हप्त्यात मिळालेली सूट २,६०० च्या आसपास. पाडव्याच्या ऑफरशी तुलना केली तर पहिला आकडा आणखी पडतो, ते मी केलं नाही. एवढ्या तीन वर्षांच्या वसुलीसमोर एका खोलीच्या हौसेनं घालवलेले ३८,२५०. बायकोनं वही बघून फक्त एवढंच विचारलं, “आणि टपरीवरचा चहा धरलात का?”

एक मात्र सांगायला हवं. क्लेम मंजूर करताना कंपनीनं सगळे जुने कागद मागितले होते, माझे रक्तदाबाचेही. मी फॉर्मवर गोळी लिहिली होती म्हणून त्या पानावर कुणी बोट ठेवू शकलं नाही. ते तीन शब्द लिहायला लावणारीला या घरात विम्याची जास्त समज आहे, हे मी त्या दिवशी मान्य केलं. पुढचे कागद तिनेच वाचले.

त्याच नोव्हेंबरात पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केली. भरून झालेला प्रतीक्षाकाळ जुन्या पाच लाखांपुरता सोबत आला. आता संरक्षण दहा लाखांचं आहे, सिंगल खोलीला मर्यादा नाही. हप्ता ३४,०००. पहिल्या वर्षी त्यावर ६,१२० जीएसटी भरला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर गेला, त्यामुळे यंदाच्या पावतीत तो रकाना शून्य आहे. या पॉलिसीतही जिमची सवलत आहे म्हणे. मी ती अजून चालू केलेली नाही. जिमला जातो, घराजवळच्या, दर महिन्याला पूर्ण पैसे भरून. फोन लॉकरमध्ये राहतो.

जानेवारी २०२४ पासून पॉलिसीबरोबर एक छोटं माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं असा नियामकाचा दंडक आहे. तुमची पॉलिसी कुठल्याही कंपनीची असो, ते मराठीत मागून घ्या आणि खोलीभाड्याची ओळ आधी वाचा. जिमची ओळ शेवटी वाचली तरी चालेल.