बेथेस्डाच्या बाई

निळ्या पट्टीवर एक लांबट पांढरी चौकट, एवढंच त्यांचं रूप. जग त्यांना पबमेड म्हणतं. माझ्या लेखी त्या एक बाई आहेत. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथं, राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या दारात बसलेल्या. घराणं जुनं. १८७९ साली जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली, तिच्या या वारसदार. १९९७ पासून त्यांचं दार सगळ्यांना फुकट उघडं. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी पदरी, पण आपणहून एक अक्षर बोलायच्या नाहीत.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती आमच्या वॉर्डातल्या एका आजींमुळे. आजींची कातडी कागदासारखी, शिरा हाताला लागत नव्हत्या, दोन्ही हातांवर काळेनिळे डाग. तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवलेली सुई, बदलायला ट्रे घेऊन गेले, तर त्यांनी हात पदराखाली घेतला. ‘चांगली चाललीय की गं बाई. दुखत न्हाई, सुजली न्हाई. मग कशापायी काढतीस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवी सुई तिसऱ्यांदा टोचल्यावर बसली. आजी एकदाही ओरडल्या नाहीत, नुसत्या खिडकीकडे बघत राहिल्या.

ड्यूटी संपल्यावर बाईंकडे गेले. मनातलं अख्खं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, तेही वॉर्डातल्या ‘इंट्राकॅथ’ या शब्दासकट. बाईंनी जवळजवळ रिकामे हात दाखवले. मग नुसतं तिचं पुस्तकी नाव ‘कॅन्युला’ लिहिलं, तर हजारो नोंदी समोर ओतल्या. त्यांत नाकातून ऑक्सिजन देणारी नळीही होती आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेतलीही. रागच आला. पण ‘दुखतंय’ एवढंच म्हणणाऱ्या पेशंटला आपण कुठं, कधीपासून, कसं ते विचारतो ना? बाई विचारत नाहीत. ते आपणच स्वतःला विचारून जायचं असतं. पेशंट कोण, करायचं काय, तुलना कशाशी, बघायचं काय. माझा प्रश्न असा झाला: मोठ्या माणसांच्या हातातली सुई गरज पडेल तेव्हाच बदलली, तर ठरल्या दिवशी बदलण्याच्या मानानं शिरेला सूज जास्त येते का?

बाईंची स्वतःची एक भाषा आहे. मेश तिचं नाव, १९६० पासूनची. लेखकानं आपल्या लेखात या सुईला काहीही म्हटलेलं असो, त्या आपल्या ‘कॅथेटरायझेशन, पेरिफेरल’ याच नावाची चिठ्ठी लावतात. मात्र अगदी ताज्या लेखाला ती चिठ्ठी लागायची राहिलेली असू शकते, म्हणून कॅथेटर, कॅन्युला हे साधे शब्दही जोडीला द्यायचे. एका अर्थाचे शब्द ‘ऑर’नं बांधून कंसात, वेगळ्या अर्थाचे ‘अँड’नं, आणि हे दोन्ही कॅपिटल अक्षरांत. कंस विसरलात तर त्या डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातात आणि अर्थ भलताच निघतो. अवतरणचिन्हं घातलीत, तर एरवी न सांगता शोधतात ते समानार्थी शब्दही मग शोधत नाहीत. इतक्या त्या शब्दाला पक्क्या. मला त्यांचा हा स्वभाव फार आवडतो.

दुसऱ्या रात्री असं नीट मांडून विचारलं. आणि बाईंनी २०१२ च्या ‘लॅन्सेट’मधला क्लेअर रिकर्ड आणि सहकाऱ्यांचा लेख पुढे ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधले ३,२८३ पेशंट. अर्ध्यांची सुई दर तिसऱ्या दिवशी बदललेली, अर्ध्यांची गरज पडली तेव्हाच. शिरेची सूज दोन्हीकडे ७ टक्के. मला आजींचा पदराखालचा हात आठवला.

तिथंच थांबले असते. पण यादी अजून खाली जात होती आणि तिच्यात २०२१ चा जिनिव्हाचा लेख होता. तिथल्या रुग्णालयांत ठरल्या दिवशी बदलणं बंद केल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग वाढलेला दिसला होता. क्वीन्सलँडसारखी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हे, पण सुयांची संख्या लाखांत. नजरेआड करावा असा तो लेख नव्हता.

सकाळी दोन्हींचे प्रिंट काढून इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चाळले. ‘अगं, हा दुसरा तुझ्याच विरुद्ध जातोय. कशाला आणलास?’

‘मॅडम, दोन्ही एकाच यादीत आले.’

त्यांनी चष्मा लावला, दुसरा कागद वर घेतला आणि मला समोरची खुर्ची दाखवली.