भूत वाड्यात नाही, बैठकीत आहे

भयपटाची एक ठरलेली गोष्ट असते. मुलगी होणाऱ्या नवऱ्यासोबत पहिल्यांदा त्याच्या गावी जाते. जुना वाडा, कमी बोलणारी सासू, कुलूप लावलेली एक खोली. रात्री पैंजण वाजतात. आपली पोरंही असे सिनेमे मोबाईलवर आवडीनं पाहतात. 'बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी हे पाहावं का?' असं मला एका शिबिरात विचारलं गेलं. मी म्हटलं, पाहा. फक्त भुताची जात विचारा.

कारण आपल्याकडे भुतालाही जात आहे. मुंज झालेला ब्राह्मण मुलगा लग्नाआधी मेला की मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. ब्राह्मणाचं भूत म्हणजे ब्रह्मसमंध, त्याचा मान वेगळा. ज्या समाजानं मेल्यावरही उतरंड सोडली नाही, तो लग्नाच्या बैठकीत ती सोडेल कशी?

२०१७ साली आलेला जॉर्डन पील यांचा 'गेट आउट' जरूर पाहा. एक काळा तरुण गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला जातो. मुलीचा बाप हसतमुख, ओबामांचा चाहता. त्याच घरात काळ्यांची शरीरं गोऱ्यांसाठी बळकावली जातात. त्यात भूत नाही. भीती वाटते ती त्या गोड बोलण्याची.

ते गोड बोलणं मी ऐकलं आहे. एम.ए. झाल्यावर एका मित्रासोबत त्याच्या घरी गेले होते. आम्ही लग्नाचं ठरवलं होतं. त्याचे वडील म्हणाले, "आम्ही जातपात मानत नाही. चौदा एप्रिलला मीसुद्धा भाषण करतो." मग आतून चहा आला. सगळ्यांना कपबशीत, मला डिस्पोजल ग्लासात. सगळ्यांनी ते पाहिलं, कोणी बोललं नाही. मित्रही नाही. ते लग्न झालं नाही.

मी तिथून जिवंत परतले. प्रत्येक जोडपं परतत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या (२०१६) शेवटी आर्चीचं माहेर भेटवस्तू घेऊन येतं. ती त्यांच्यासाठी चहा करते. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सिनेमा म्हणून ते सोडून देता येत नाही. २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे हा शाळकरी मुलगा मारला गेला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला.

आणि आपला भंडारा? २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना गावातल्याच लोकांनी मारलं. नंतर सुरेखाबाईंच्या चारित्र्याची कुजबुज पसरवली गेली. शिक्षा झाल्या, पण २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आणि २०१० साली उच्च न्यायालयानंही अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. चार माणसं मारणारं भूत कोर्टाला दिसलंच नाही.

जात ही मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये मांडलं. भूतही मनातच असतं. फरक एवढाच, की भूत कुणाला मारत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणारे मारतात. म्हणून आंतरजातीय विवाहासोबतच शास्त्रांवरची श्रद्धा मोडायला त्यांनी सांगितलं. नुसत्या लग्नानं भूत उतरत नाही.

कामाचं बोलू. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते. ती नात्यातल्या कुणीही वाचावी आणि घरी कळवावं. तो महिना जोडप्यासाठी सर्वात धोक्याचा. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात दिले. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कुठे बसतो, त्याचा फोन कोण उचलतो, हे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन विचारा. उत्तर तालुक्यातल्या प्रत्येक विहाराच्या फलकावर लावा.

आणि पोरांनो, तुमच्या जोडीदाराला तुमच्या घरी वेगळा ग्लास आला, तर तिथेच बोला.

जय भीम!