पेटीला भाता नको, ड्रायव्हर हवा!

पेटी वाजवायला दोन हात लागतात. एक पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर. मोताळ्याच्या आमच्या काकांचा डावा हात लकव्यानंतर उचलेना आणि भजनातली त्यांची जागा रिकामी झाली. मिडी कीबोर्डला भाता नसतो, म्हणून एक जुना त्यांच्यासाठी नेला. पण लॅपटॉप त्याला ओळखच देईना! डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं पिवळं चिन्ह.

कारण साधं होतं. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२-बिट विंडोजचा आणि लॅपटॉप ६४-बिट. ही पत्रिका जुळत नाही, राव! मग अर्धवट बसलेला ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट केलं आणि मधला हब काढून वायर थेट यूएसबी पोर्टला लावली. कीबोर्ड 'क्लास कम्प्लायंट' असेल, तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. पुरला!

तरीही आवाज नाही? घाबरू नका. १९८३मध्ये आलेल्या या मिडीतून आवाज जातच नाही. कोणती पट्टी, किती जोरात, एवढाच निरोप जातो. आवाज काढतं सॉफ्टवेअर. तिथे इनपुटला कीबोर्ड निवडायचा, हार्मोनियमचा आवाज लावायचा. सूर उशिरा उमटत असेल, तर ऑडिओ बफर कमी करायचा.

काकांनी उजव्या हाताने सा धरला. बराच वेळ सोडलाच नाही.

"भात्याबिगर वाजते बाप्पा! एकादशीले मंदिरात नेता येईन का हे?"

"येईल की काका. फक्त त्या दिवशी लाइट पाहिजे."