कडेवरचं नाव

मी गेवराईकडच्या वस्त्यांतून लढाईची पदकं शोधत फिरतो म्हटलं की लोक हसतात. ‘पदकं? ती आपल्याकडं कुठली आली?’ आहेत. ट्रंकेच्या तळाशी आहेत, चिंध्यांच्या गाठोड्यात आहेत. एका घरी तर पोराच्या करदोट्यात ओवलेलं सापडलं. मी विकत घेत नाही. वही घेऊन जातो, पदकाच्या कडेवरचं वाचतो, उतरून घेतो आणि पदक त्या घरातच ठेवून येतो.

हा नाद घरातूनच लागला. माझा आजा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होता. गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात, 1948 च्या सप्टेंबरपर्यंत. इंग्रजांची भरती शेजारच्या नगर जिल्ह्यात. आजा तिकडच्या पाव्हण्यांकडं गेला आणि 1942 साली तिथूनच पलटणीत शिरला. लढाई संपल्यावर मागून दोन पदकं आली. गावानं त्याचं काय केलं? काही नाही. पलटणीतून आलेला माणूस पुन्हा वेशीबाहेरच.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा आजा गेलेला होता. आजी खडी फोडत होती, पोरं सुकडीवर जगत होती. एक दिवस तिनं दोन्ही पदकं पदराला बांधली आणि सोनाराकडं गेली. त्यानं कसोटीवर घासून पाहिलं आणि खाली ठेवलं. ‘बाई, ही चांदी न्हाई. ह्याचं काई येत न्हाई.’

आजी सांगायची, ‘छाप राजाचा, आन् माल खोटा. मी रडतच घरी आले.’

सोनार खरं बोलला होता. एक होतं 1939–45 चं युद्धपदक. एका बाजूला सहाव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या राक्षसी प्राण्यावर उभा राहिलेला सिंह. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा. दोन्ही तांबं आणि निकेल मिसळून पाडलेली. चांदी नव्हती म्हणून तर ती आज माझ्या हातात आहेत. पहिल्या महायुद्धाचं पदक चांदीचं होतं, जवळजवळ अडीच तोळ्याचं. ती पदकं आपल्या घरांत का सापडत नाहीत, हे आता वेगळं सांगायला नको. भूक लागली की चांदी आधी जाते. 1980 साली जगभर चांदी भडकली तेव्हा खुद्द इंग्लंडमध्येही ती भट्टीत गेली.

आणि धातूलाही जात असते, मित्रहो. त्याच लढाईत मजुरांच्या तुकड्यांना तेच पदक काशाचं दिलं. त्याच्या आधीच्या सरहद्दीवरच्या लढायांतही शिपायाला चांदी आणि सोबतच्या पाणक्याला, झाडूवाल्याला, नोकराला काशाचं. गोळी काही विचारून लागत नव्हती. पदक मात्र विचारून दिलं.

आपल्या माणसांच्या पदकांची कथा जुनी आहे. भीमा कोरेगावची लढाई 1 जानेवारी 1818 ची. तिथल्या स्तंभावर ‘नाक’ शेवटाची महार शिपायांची नावं आहेत, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या लढाईचं पदक इंग्रजांनी कधी दिलं? 1851 साली. 33 वर्षांनी! तेही जे जिवंत उरले होते त्यांनाच. त्यानंतर 1890 च्या दशकात महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1917 साली माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपताच 1921 पर्यंत मोडून टाकली. पुढं बाबासाहेब रेटत राहिले आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की शूर, गरज सरली की अस्पृश्य.

आमची तरणी पोरं मला विचारतात, ‘दादा, मग त्या राजाचं पदक घासत काय बसता? त्यानं आपल्याला वापरलंच ना?’ पोरांचं खरं आहे. मी राजाच्या डोक्यासाठी पदक बघतच नाही. मी बघतो ती कड. हिंदी शिपायांच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. माझ्या आज्याला गावात पुरं नाव नव्हतं. नावापुढं ‘या’ लावूनच हाक. त्याचं पुरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या कडेवर, भिंग धरून.

नाव ही साधी गोष्ट नाही. बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचं मोठं स्मारक आहे. त्यावर अंमलदारांची नावं कोरली. मेलेल्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, ते नुसते आकड्यात. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं 2021 साली अहवाल काढून अशा वागणुकीची माफी मागितली. शंभर वर्षं गेली त्याला. आपण कुणाच्या माफीची वाट बघत बसायचं?

दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. त्याआधी भंगारवाला फिरतो, आणि घरात उचल फिटलेली नसते. पितळेच्या भांड्याबरोबर पदकही काट्यावर पडतं. म्हणून सांगतो. ट्रंक उघडा. पदक सापडलं तर चिंच-राखेनं घासू नका. घासून घासून कडेवरची अक्षरं झिजतात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, जसं असेल तसं वहीत उतरवा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा आणि मोठ्यानं वाचायला लावा. अडचण आली आणि विकावंच लागलं तर विका, पोटापुढं पदक मोठं नाही. पण नाव आधी उतरवून घ्या.