सायकल केवढ्याला पडली?

ऑफिसातल्या माझ्या मॉनिटरवर दोन वर्षं एकच वॉलपेपर आहे. फ्रान्समधली लुआर नदी, काठाला द्राक्षांचे मळे, मधून जाणारा पांढुरका कच्चा रस्ता आणि त्यावर हेल्मेट घातलेली दोन सुखी माणसं. 'लुआर आ वेलो' म्हणतात त्या वाटेला. सुमारे 900 किलोमीटर नदीच्या सोबतीनं सायकल चालवायची, संध्याकाळी एखाद्या गावात उतरायचं आणि तिथलीच वाइन प्यायची. दर अप्रेझलनंतर मी ठरवते, यंदा जायचंच! मग व्हिसा, विमान आणि रजा यांची बेरीज करते आणि एक्सेल शीट गुपचूप मिटते.

सायकल मात्र घेऊन टाकली. ग्रॅव्हल बाइक. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले 40 मिलिमीटर रुंद. हवा मुद्दाम थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडीवर टायर दबतो आणि आपली हाडं शाबूत राहतात. डांबर संपलं की हिला खरा हुरूप येतो. किंमत 1 लाख 30 हजार. ऑफिसात हा आकडा मी जरा मान ताठ करून सांगते. घरी सांगितला 30 हजार. तो ऐकूनसुद्धा आई दोन मिनिटं गप्प बसली होती.

तर फेब्रुवारीत एका लग्नासाठी चार दिवस इस्लामपूरला गेले, सायकल बसच्या डिकीत टाकून. (2025 मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा झाली, पण आई कंडक्टरकडे अजून 'इस्लामपूर एक' असंच तिकीट मागते.) लग्न पार पडलं, दोन दिवस हातात होते. मामा तासगाव तालुक्यात, जेमतेम पन्नास किलोमीटर. त्याची द्राक्षबाग. नदी आहे, द्राक्षं आहेत, कच्चे रस्तेही आहेत. मग आणखी काय हवं?

'एसटीनं जा की,' आई म्हणाली. मी ऐकलं नाही.

इस्लामपूर म्हणजे ऊस. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा आणि मध्ये नजर जाईल तिथवर हिरवं. गळीत हंगाम चालू होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून चाललेले, रस्त्यावर उसाची कांडकी सांडलेली, हवेत मळीचा वास. मी पांदीतल्या वाटा धरून बह्याला गेले. इथं कृष्णा दुभंगून रामलिंगाच्या बेटाला वळसा घालते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. शाळेच्या सहलीपासून दहा वेळा तरी आले असेन, पण नदीकडे येताना रस्ता किती लांबवर हळूहळू उतरत जातो, हे पहिल्यांदाच कळलं. जीपमधून ते कळत नाही. 2005, 2019, 2021... पुराचं पाणी एवढ्या आतपर्यंत का शिरलं, ते त्या उतारावर पॅडल न मारता घरंगळताना समजलं.

कृष्णा ओलांडून ताकारीच्या बाजूला गेलं की हळूहळू सगळं बदलतं. काळी माती फिकट होत जाते, मुरूम दिसायला लागतो. पूर्वेला पाऊस कमी कमी होत जातो. ऊस विरळ होतो आणि मग अचानक लोखंडी अँगल, तारा आणि त्यांवर चढवलेले वेल. द्राक्षाला पाय पाण्यात बुडवून बसायला आवडत नाही, म्हणून ते इकडं.

मध्ये किर्लोस्करवाडी लागली. तिथं चहा घेतला, कारण ती माझ्या सायकलची दूरची आत्याच! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं. पुढे नांगर आले आणि 1910 मध्ये या माळावर कारखाना उभा राहिला. चहावाल्या काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, 'आम्हाला सांगता व्हय?'

पुढचा टप्पा ताकारी उपसा योजनेच्या कालव्याकडेचा. खरं सांगते, वॉलपेपरवरचा रस्ता यापुढे काहीच नाही. घट्ट मुरूम, डावीकडे पाणी, वर बगळे. फरक एवढाच, की लुआरकाठी बहुधा वेड्या बाभळी नसाव्यात. टायरमध्ये काटे आपोआप बुजवणारं द्रावण होतं, तरी पाचव्या काट्याला त्यानं हात टेकले. मी कालव्यावर बसून टायर काढत असताना शेळ्या घेऊन एक आजी आल्या. 'एकटीच? कुणाची गं तू?' मामाचं गाव सांगितल्याबरोबर मी पाव्हणी झाले आणि ट्यूब बसेपर्यंत आजी आणि शेळ्या माझ्यापाशी थांबून राहिल्या.

वाइनचं म्हणाल, तर तीही इथं येणार होती. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि दोन वाइन पार्क ठरले, नाशिककडे विंचूर आणि इकडं पलूस. नाशिकचं पुढे काय झालं ते आपण सगळे वीकेंडला पाहतोच. पलूसचा तसा बोलबाला झाला नाही. सांगली-तासगावचं द्राक्ष मुळात खायचं, नाहीतर वाळवायचं. थॉम्पसनमधून निवडलेलं तास-ए-गणेश हे वाण याच भागातलं, 'तास' म्हणजे तासगाव. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकनही मिळालं.

दुपारी मामा बेदाणा शेडवर सापडला. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सैल होतो, मग रॅकच्या जाळ्यांवर सावलीत पसरायचे. दोनेक आठवड्यांत बेदाणा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. लहानपणी सुट्टीत इथं पडून मी अर्धे ओले बेदाणे खाल्लेत. आणि याच शेडच्या बेदाण्याच्या पट्टीतून माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली गेली, कारण त्या वर्षी बाबांचे पैसे अडकले होते. मामानं ते परत कधी मागितले नाहीत आणि आम्हीही विषय काढला नाही.

मामानं सायकल एका हातानं उचलून पाहिली.

'हलकी हाय. केवढ्याला पडली गं?'

'तीस हजार,' मी म्हणाले. सवयीनं.

जेवताना मामी बोलून गेली. यंदाचा माल निघाला की बाग काढायची. ऑक्टोबर छाटणीनंतर ऐन फुलोऱ्यात पाऊस, मग डावणी, मग फवारणीवर फवारणी. तीन वर्षं हेच चाललंय. एप्रिलच्या खरड छाटणीऐवजी जेसीबी सांगितलाय. अँगल आणि तारा घ्यायला एक जण तयार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

मी ताटाकडे बघत बसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून फ्रान्सचं सांगितलं. ट्रिपसाठी वाचताना हे समोर आलं होतं आणि मी ते भराभर खाली सरकवलं होतं. बोर्दो म्हणजे जगातली नावाजलेली वाइन. तिथं लोक रेड वाइन कमी प्यायला लागले, माल पडून राहिला. 2023 मध्ये सरकारनं आणि तिथल्या संघटनेनं सुमारे 9,500 हेक्टर बागा उपटायची योजना आणली, हेक्टरी 6,000 युरो देऊन.

'म्हंजे एकराला किती?'

मी मोबाइलवर हिशेब केला. 'दोन लाखांच्या वर.'

'बाग काढायचं पैसं *देत्यात*?' मामा हसायलाच लागला. 'आणि आमी जेसीबीवाल्याला तासावर मोजायचं!' मामीही हसली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

संध्याकाळी मामाला सायकल चालवायची होती. सीट खाली केलं. चपला काढून, पॅन्ट दुमडून तो बसला आणि बागेच्या दोन ओळींमधून पार टोकाच्या विहिरीपर्यंत गेला. पाठीमागून बघताना वेलांच्या वर फक्त त्याची टोपी सरकताना दिसत होती. परत आला तेव्हा धापा टाकत होता, पण खूश.

'मामा,' मी म्हणाले, 'तीस नाही. एक लाख तीस हजार.'

त्यानं हँडल माझ्या हातात दिलं. पुन्हा एकदा टायर दाबून पाहिला.

'मला वाटलंच,' तो म्हणाला. 'तीस हजाराला एवढी हलकी कुठं येतीया? तुझ्या आईला नको सांगू.'

'तू बागेचं सांगणार आहेस का तिला?'

'बघू. लग्नाची गडबड सरू दे.'

सकाळी निघताना मामीनं दोन किलोची बेदाण्याची पिशवी सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधली, अगदी मध्यावर, म्हणजे तोल जायचा नाही. येताना मी कालव्याची वाट सोडून डांबरी रस्ता धरला. घरी पोचल्यावर आईनं पिशवी उघडली, एक दाणा तोंडात टाकला आणि विचारलं, 'काय म्हणतोय दादा? बाग कशी आहे?'