खिशातली कविता

मागच्या अंकात माझी कविता नव्हती. का नव्हती, ते सांगायलाच हवं.

अंकासाठी सरकारी अनुदानाचा अर्ज करायचं ठरलं होतं. कागद, स्टेन्सिल, शाई, टपालाची तिकिटं, सगळं आपल्याच पगारातून. कुणाचं खोलीभाडं थकतं, कुणाला घरात बोलणी बसतात. अर्जाला ताजा अंक जोडायचा होता. आमचा संपादक दोस्त म्हणाला, "तुझी कविता लई जहाल हाय. पुढच्या खेपेला घेऊ. आधी पैशाचं होऊ दे." मी म्हणालो, "बरं." पोलीस आले नाहीत, कुणी बंदी घातली नाही. मीच कवितेची घडी केली, खिशात घातली आणि पाळीवर गेलो.

पुढं उत्तर आलं, तरतूद नाही. पैसाही गेला, कविताही गेली.

ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, तिथलं वाचलं. नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स ही तिथल्या केंद्र सरकारची संस्था १९६५ सालची. ती छोट्या वाङ्मयीन मासिकांनाही पैसा देत आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं पुढच्या वर्षाची एक योजना रद्द केली. कुठली? वंचित समूहांत काम करणाऱ्या कलासंस्थांना दहा हजार डॉलर देणारी. मग २ मे २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी ही संस्थाच मोडीत काढायचा प्रस्ताव मांडला. त्याच संध्याकाळी मंजूर अनुदानं रद्द झाल्याचे ई-मेल गेले. अनेक छोटी मासिकं त्यात सापडली. कारण काय, तर तुमचं काम राष्ट्राध्यक्षांच्या अग्रक्रमात बसत नाही. मोठ्यांना जाहिराती असतात, देणगीदार असतात. छोट्यांचं छपाईचं बिल आणि कवीचं मानधन अशाच पैशातून भागतं.

हे वाचलं आणि माझी घडी केलेली कविता आठवली. तिथं आधी पैसा कापला. इथं पैसा मिळायच्या आधीच आम्ही स्वतःला कापलं.

मग अनुदान नकोच का? तसं मी म्हणत नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीनं. तोही राजाचाच पैसा. पण त्याच्या बदल्यात बाबासाहेबांची लेखणी गहाण पडली नाही. १९२३ साली ते पत्र बंद पडलं. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाला, तोही १९२९ साली पैशाअभावी थांबला. पैशावाचून पत्र मरतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. आणि सरकारी तिजोरी काय कुणाच्या बापाची नाही. साबणाच्या वडीवर आपणही कर भरतो. तेव्हा अनुदान मागायचं, मोर्चा काढून मागायचं. पण अंकातलं एक पान काढून ठेवून मागायचं नाही. तसं मागितलं तर ती भीक.

मित्रांनो, ती कविता या अंकात आहे. कागदाला पैसे कमी पडले तेव्हा खात्यातल्या चौघांनी वर्गणी दिली. त्यातल्या एकाला वाचता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याला मी ती वाचून दाखवली. डबा बंद करत तो म्हणाला, "ही तेव्हाच का नाय छापली?"

मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांची वर्गणी थकली असेल त्यांनी पाठवावी. जय भीम.