पावसाळा, गिटार आणि दुखरी बोटे

घरातील ज्येष्ठांचे वाद्य पावसाळ्यात जपावे म्हणून आपण ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवतो. त्याची खरी हानी तिथेच होते. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही, पेटीच्या अस्तराला बुरशी धरते आणि तारा गंजतात.

सांधेदुखीसाठी माझ्याकडे येणारे सत्तरीचे एक गृहस्थ इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. गेल्या श्रावणात ‘बोटांत आता जोर उरला नाही’ असे म्हणून त्यांनी वादन सोडले होते. घरच्यांनी ते वयाच्या खाती टाकले. तपासले तर मूठ पूर्वीइतकीच घट्ट वळत होती. मग मी गिटार पाहायला मागितली. तारांवर तांबूस गंज होता आणि त्या पट्टीपासून बऱ्याच उंच गेल्या होत्या. दमट हवेत लाकूड फुगते, गिटारची मान किंचित वाकते. तारा कधी पट्टीला टेकून खडखडतात, कधी उंच जातात आणि दाबायला अधिक बळ लागते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने मानेतील लोखंडी सळई जुळवली, तारा बदलल्या आणि वादन पुन्हा सुरू झाले. (सांधेदुखीच्या गोळ्या आहेत तशाच चालू आहेत, हेही सांगितले पाहिजे!)

इलेक्ट्रिक गिटारचे धड भरीव आणि दणकट असते. नाजूक असते ती मान. तिला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. छोटा आर्द्रतामापक खोलीत ठेवावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात, मात्र त्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. ओल येणाऱ्या भिंतीला किंवा एसीच्या झोतात वाद्य ठेवू नये. थंड खोलीतून दमट हवेत आणल्यास पेटी अर्धा तास तरी बंदच ठेवावी. नाहीतर गार वाद्यावर दव धरते. वादनानंतर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात.

बुरशी धरलेली पेटी दम्याच्या रुग्णाने स्वतः झाडू नये. ते काम दुसऱ्या कोणी मास्क लावून, घराबाहेर करावे.

आणि एक. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरातील सदोष वायरिंग, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले तर जिवावर बेतू शकते. अॅम्प्लिफायर लावायचा तो सॉकेट वायरमनकडून या आठवड्यातच तपासून घ्या.